विंचवाचे बिऱ्हाड : स्टाइनबेकच्या तीन गाड्या

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण दोन अर्थांनी वापरतो. आज येथे तर उद्या तेथे असणाऱ्या, पाश नसलेल्या माणसाविषयी बोलताना तिच्यात किंचित असूया असते. ज्याला कोठेच थारा मिळत नाही त्याच्याविषयी बोलताना कणव असते. शब्द तेच राहतात, पण बिऱ्हाड पाठीवर घेणाऱ्याने ते आपखुशीने घेतले की नाही, यावर त्यांचा अर्थ ठरतो. विसाव्या शतकातील अमेरिकेत मोटारगाडीने या म्हणीला अक्षरशः मूर्त रूप दिले. गाडीतच झोपायचे, गाडीपाशीच रांधायचे आणि गाडीनेच पुढे जायचे, अशी जगण्याची एक रीत तेथे निर्माण झाली. तिचा इतिहास अनेक अंगांनी सांगता येईल. आम्ही तो येथे एकाच लेखकाच्या, जॉन स्टाइनबेकच्या, तीन गाड्यांच्या आधारे पाहणार आहोत. त्यांपैकी एक गाडी कादंबरीतली आहे आणि दोन प्रत्यक्षातल्या.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ १९०८ साली बाजारात आली आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. मोटार ही केवळ श्रीमंतांची वस्तू राहिली नाही. आगगाडीचे वेळापत्रक आणि हॉटेलातले शिष्टाचार या दोहोंपासून सुटका झाल्याचा आनंद मध्यमवर्गाला मिळाला. गाडीच्या कडेला तंबू बांधायचा, मागची आसने काढून अंथरूण पसरायचे, बाहेरच्या पायरीवर शिध्याची पेटी जखडून ठेवायची, असे नाना प्रकार लोकांनी शोधून काढले. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा येथे अशा प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटनाच स्थापन केली. रेडिएटरच्या झाकणावर जडवलेला पत्र्याचा डबा ही तिची खूण होती. अनेक गावांनी या पाहुण्यांसाठी मोफत तळ उघडले, कारण मुक्कामाला थांबलेला प्रवासी गावातच खरेदी करी. मात्र काही वर्षांतच त्या तळांवर शुल्क आकारले जाऊ लागले. मोफत जागेवर सहलीची माणसे उतरत होती, तशी कामाच्या शोधात निघालेली गरीब कुटुंबेही उतरू लागली होती. दोघांच्या गाड्या आणि तंबू सारखेच दिसत. त्यांना वेगळे करण्यासाठी पैसा ही चाळणी लावावी लागली. पुढच्या सगळ्या कथेचे बीज येथे आहे, असे आम्हांला वाटते.

१९३०च्या दशकात ही दुसरी माणसे लाखांच्या संख्येने रस्त्यावर आली. अवर्षण आणि धुळीची वादळे हे त्याचे एक कारण होते, पण ते एकमेव नव्हते. १९३३च्या कृषी कायद्यानुसार कापसाखालील क्षेत्र कमी करण्यासाठी जमीनमालकांना सरकारी पैसा मिळू लागला. मालकांनी जमीन पडीक ठेवली, कुळांना काढून टाकले आणि उरलेल्या शेतीसाठी ट्रॅक्टर आणले. ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा येथील कुटुंबे जुन्या गाड्यांत संसार भरून कॅलिफोर्नियाकडे निघाली. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले १३६ शिपाई थेट राज्याच्या सीमांवर पाठवले आणि उपजीविकेचे साधन दिसत नसलेल्यांना परत फिरवायला सुरुवात केली. एका शहराच्या पोलिसांनी राज्याच्या सीमा अडवाव्यात, ही गोष्ट कायद्यात बसणारी नव्हती. तरीही काही आठवडे ती चालली.

याच वर्षी स्टाइनबेकची पहिली गाडी येते. ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ या दैनिकाने त्याला स्थलांतरितांवर लेखमाला लिहायला सांगितली. त्यासाठी त्याने बेकरीचा एक जुना ट्रक घेतला, त्यात पांघरुणे, शिधा आणि स्वयंपाकाचे सामान ठेवले आणि तो मजुरांच्या वस्त्यांमधून हिंडू लागला. ऑक्टोबर १९३६ मध्ये त्याचे सात लेख प्रसिद्ध झाले. दीड लाख तरी बेघर माणसे कॅलिफोर्नियात भटकत आहेत, असा अंदाज त्याने त्यांत दिला होता. आर्विन येथील सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स या काळात त्याचा वाटाड्या झाला. पुढे कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत त्याला स्थान मिळाले. पावाचा ट्रक निवडण्यामागे काटकसर असेल, पण त्याचा आणखी एक उपयोग झाला असावा. नव्या कोऱ्या मोटारीतून उतरलेल्या माणसाशी तंबूतली बाई मोकळेपणाने बोलली नसती. निरीक्षकाचे वाहन हे त्याच्या निरीक्षणाचा भाग असते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरी गाडी म्हणजे १९३९ सालच्या ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ या कादंबरीतली जोड कुटुंबाची हडसन. मूळची ही बंद मोटार. तिचे छत छिन्नीने मधोमध कापून मागे ट्रकसारखा सांगाडा बसवलेला. तिच्यात कुटुंबाची बारा माणसे आणि तेरावा, पूर्वाश्रमीचा धर्मोपदेशक केसी, एवढ्यांना मावायचे आहे. दहाव्या प्रकरणात ही गाडी भरली जाते. त्या प्रकरणाकडे कथानकाचा एक टप्पा म्हणून पाहिले जाते, पण आम्हांला ते कादंबरीचे हृदय वाटते. सगळा संसार विकून अठरा डॉलर हाती आलेले असतात. दोन डुकरे मारून मांस खारवायचे असते. ते बायकांचे काम आहे असे मा म्हणते, तेव्हा केसी ते काम आपल्याकडे घेतो, कारण आता कामांत अशी वाटणी करण्यास सवड नाही. मांसाची पिंपे, कपड्यांच्या पेट्या, भांडी असे सगळे रचून वर गाद्या अंथरायच्या, म्हणजे त्यांवर माणसे बसतील; आणि सर्वांवर ताडपत्री. घराचा निर्णय घ्यायलाही आता माणसे घरात जमत नाहीत, ट्रकभोवती उकिडवी बसतात. चुलीचे स्थान ट्रकने घेतलेले असते.

या रचनेत मा एकटीच क्षणभर मागे राहते. तिच्याजवळ पत्रे, कात्रणे आणि छायाचित्रे ठेवलेली एक पेटी आहे. तीतून ती कर्णभूषणे, अंगठी असे मोडता येण्याजोगे सोने तेवढे काढून घेते आणि पेटी चुलीत सरकवते. गाडीत पेटीला जागा नव्हती असे नव्हे. एवढीशी पेटी कोठेही मावली असती. पण जे विकता येत नाही, खाता येत नाही, पांघरता येत नाही, ते बरोबर नेण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असे तिने स्वतःपुरते ठरवलेले असते. केसीला मात्र ती नाकारत नाही. त्याला नेणे परवडेल का, असा प्रश्न निघतो तेव्हा परवडण्यापेक्षा आपली इच्छा आहे का हे पाहावे, असे तिचे म्हणणे पडते. वस्तूंच्या बाबतीत कठोर आणि माणसांच्या बाबतीत उदार, अशी तिची यादी आहे. पुढे वाळवंट ओलांडताना मेलेल्या आजीशेजारी त्याच गादीवर ती रात्रभर पडून राहते आणि तपासणी नाक्यावर म्हातारी आजारी असल्याचे सांगते. घर, दवाखाना आणि तिरडी ही तिन्ही कामे एकाच गादीने केलेली असतात.

हे प्रकरण शिकवताना आम्हांला आलेला एक अनुभव नोंदवावासा वाटतो. जोड कुटुंबाचे सामान कोणत्या क्रमाने रचले आहे, याची चर्चा वर्गात चालली होती. बहुतेकांना तो तपशिलाचा पसारा वाटत होता. एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, चुलीचं सामान सगळ्यात शेवटी ठेवायचं असतं. उतरल्यावर पहिलं तेच लागतं.” तिचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला जात. चार-पाच महिन्यांचे धान्य, भांडी, अंथरुणे, कोपीसाठीचे बांबू, कोयते आणि लहान भावंडे, हे सगळे गाडीत कसे बसते हे तिने पाहिले होते. वर्गाला टीप द्यावी लागली असती अशी गोष्ट तिला ठाऊक होती. ओक्लाहोमाचे कूळ आणि बीडकडचा कोयता यांची परिस्थिती एक नव्हे. एकाचा परतीचा रस्ता तुटलेला आहे, तर दुसऱ्याला दर वर्षी तोच रस्ता पुन्हा धरावा लागतो. पण गाडी भरण्याचे शास्त्र दोघांनाही गरजेनेच शिकवले, आणि ते शास्त्र आहे हे आम्हांला त्या मुलीने शिकवले.

कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाचा फ्रेड एडवर्ड्स टेक्सासला गेला आणि आपल्या बेकार मेहुण्याला गाडीत बसवून घेऊन आला. निर्धन माणसाला जाणूनबुजून राज्यात आणणे हा तेथे गुन्हा होता. एडवर्ड्सला शिक्षा झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. बहुमताचा आधार मात्र आंतरराज्य व्यापाराच्या तरतुदीचा होता : राज्याने व्यापारात अडथळा आणू नये, म्हणून माणसांनाही अडवू नये. न्यायमूर्ती डग्लस यांनी निकालाशी सहमत होताना हा आधार अपुरा ठरवला. गुरे, फळे, पोलाद आणि कोळसा यांच्या वाहतुकीपेक्षा माणसाच्या संचाराचा हक्क वरच्या दर्जाचा असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मा जोडने यादी करताना वस्तू आणि माणसे यांच्यात केलेला भेदच येथे कायद्याच्या भाषेत आला आहे.

तिसरी गाडी १९६० सालची. स्टाइनबेक आता ५८ वर्षांचा, न्यूयॉर्क राज्यातील सॅग हार्बर येथे समुद्रकाठी घर असलेला प्रतिष्ठित लेखक होता. आपण आपला देश विसरत चाललो आहोत, या जाणिवेने त्याने पाऊण टनी जीएमसी ट्रक मागवला आणि त्यावर लहान बोटीच्या खोलीसारखे घर बसवून घेतले. त्यात दोघांचा पलंग, चार शेगड्यांची चूल, हीटर, शीतकपाट, रासायनिक शौचपात्र, कपाटे आणि डासांसाठी जाळीच्या खिडक्या होत्या. डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याने गाडीचे नाव ‘रोसिनांते’ ठेवले. २३ सप्टेंबरला चार्ली हा कुत्रा सोबत घेऊन तो निघाला. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे त्या प्रवासाचे पुस्तक १९६२ साली आले.

या पुस्तकातही गाडी भरण्याचे वर्णन आहे आणि ते दहाव्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचावे. हत्यारे, सुटे भाग, बंदुका, मासेमारीचे गळ, मद्य, शब्दकोश, टंकलेखन यंत्र, शिवाय वाचायची राहून गेलेली दीडशे पौंड पुस्तके! हे सगळे गरजेपेक्षा कितीतरी जास्त होते, हे तो स्वतःच हसत कबूल करतो. एक युक्ती मात्र अस्सल आहे : झाकणाच्या बादलीत पाणी, साबण आणि मळके कपडे घालून ती लवचीक दोरीने कपाटाच्या दांडीला टांगायची, म्हणजे दिवसभराच्या हिंदकळण्याने कपडे आपोआप धुतले जातात. पुढे ओरेगॉनमध्ये भर पावसात टायर फुटतो, त्याचे कारणही वजनच. कोणती वस्तू चुलीत घालावी लागते हे ज्या लेखकाने इतक्या निर्ममपणे लिहिले, त्याला स्वतःच्या गाडीतून एक पुस्तकही कमी करता आले नाही. यात ढोंग नाही. ज्याला परत जायला घर आहे, त्याला काही टाकून देण्याची सक्ती नसते, एवढाच त्याचा अर्थ.

या पुस्तकाला एक उपसंहार आहे. पत्रकार बिल स्टाइगरवाल्ड यांनी २०१० साली तोच मार्ग पुन्हा पायाखाली घातला, पत्रे आणि मूळ हस्तलिखित तपासले आणि २०११ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. प्रवासातील निम्म्याहून अधिक दिवस पत्नी एलेन स्टाइनबेकबरोबर होती. पुष्कळ रात्री हॉटेलांत किंवा स्नेह्यांकडे गेल्या, उघड्यावरचे एकाकी मुक्काम फार थोडे होते, आणि पुस्तकातील काही भेटी घडल्या असणे कठीण आहे. पुस्तकाच्या २०१२च्या आवृत्तीत प्रस्तावनाकार जे पॅरिनी यांनीही हे पुस्तक शब्दशः खरे मानू नये असा इशारा दिला. या निष्कर्षांनी अनेक वाचक दुखावले. आमच्या मते दोष हॉटेलात झोपण्याचा नाही. आजारातून उठलेल्या माणसाने गादीवर झोपू नये असे कोण म्हणेल? दोष त्या रात्री गाळून एकाकीपण ठळक करण्यात आहे. रस्त्यावरच्या जगण्याला जी प्रतिष्ठा जोड कुटुंबाने दुःखाने मिळवून दिली, ती उसनी घेण्याचा मोह खुद्द त्यांच्या निर्मात्यालाही आवरला नाही. पावाच्या ट्रकमधून हिंडणाऱ्या लेखकाला या मोहाची गरज पडली नव्हती, कारण तेव्हा त्याच्या लेखनाचा विषय तो स्वतः नव्हता.

पुढचा इतिहासही या दोन यादींच्या मधूनच जातो. लॉस एंजेलिसने १९८३ साली वाहनात राहण्यास बंदी करणारा नियम केला. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो अतिसंदिग्ध म्हणून रद्द केला, कारण गाडीत नेमके काय ठेवले म्हणजे ‘राहणे’ होते, हे त्यातून कळत नव्हते. पांघरूण आणि शिधा सहलीला जाणाऱ्याच्या गाडीतही असतात. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) या पुस्तकात २००८च्या मंदीनंतर घरे परवडेनाशी झालेली वृद्ध माणसे भेटतात. ती गाड्यांत राहून हंगामी कामे करतात आणि आपल्या बिऱ्हाडाला विनोदी नावे देतात. त्यांच्यापैकी कोण हौशी आणि कोण नाइलाजाने निघालेला, हे बाहेरून सांगता येत नाही. काही जण स्वतःलाही ते सांगू इच्छित नाहीत.

रोसिनांते आज कॅलिफोर्नियातील सलिनास या स्टाइनबेकच्या जन्मगावी संग्रहालयात ठेवलेली आहे. हडसन कोठेच नाही. कादंबरीच्या शेवटी ती पुराच्या पाण्यात अडकते आणि कुटुंब तिला तेथेच सोडून पायी निघते. विंचवाच्या पाठीवर आता बिऱ्हाडही उरत नाही. ज्या गाडीत दीडशे पौंड पुस्तके होती, ती जतन झाली. जिच्यासाठी एका बाईने आपली पत्रे जाळली, ती केवळ शब्दांत उरली. ती तेथे नीट उरावी, एवढे तरी आपण शिकवणाऱ्यांनी पाहायला हवे.