पुढची चिप कुणाची? मुंबईचा जुना हिशोब

लॅमिंग्टन रोडवर (पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा. कुणीतरी म्हणणारच, "आत्ता घेऊ नका, नवा प्रोसेसर येतोय." एक म्हणतो इंटेल बाजी मारणार, दुसरा म्हणतो एएमडी. गिऱ्हाइकाचं यात फार तर काही हजारांचं नुकसान. पण आता असल्याच अंदाजांवर मोठे व्यवहार होतायत. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली आणि लालबाग-परळमधले आईबाप मुलांना चिप डिझाइनच्या कोर्सला घालतायत. म्हणून हा जुना हिशोब मांडतो.

सुरुवात आपल्या मुंबईतूनच. १९५०च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी कॉम्प्युटर बनवायला घेतला. संस्था तेव्हा अपोलो बंदरच्या जुन्या यॉट क्लबमध्ये होती, कुलाब्याची आजची इमारत नंतरची. १९५६ला छोटं प्रायोगिक मशीन तयार झालं, १९६०ला मोठं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. मेमरी २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या भाषेत जेमतेम दहा केबी. १९६२ला नेहरूंनी त्याला नाव दिलं, टिफ्रॅक.

पण तोवर जग पुढे गेलं होतं. नोव्हेंबर १९५९ मध्येच आयबीएमनं ट्रान्झिस्टरवर चालणारं ७०९० हे मशीन ग्राहकांना द्यायला सुरुवात केली होती. आपलं मशीन सुरू झालं तेव्हाच ट्यूबचे दिवस भरत आले होते. १९६४ला टीआयएफआरमध्ये अमेरिकन सीडीसी ३६०० आलं आणि टिफ्रॅक निवृत्त झालं.

मग पैसे पाण्यात गेले का? अजिबात नाही. सीडीसी आलं तेव्हा कॉम्प्युटर आतून ओळखणारी माणसं मुंबईत तयार होती. नरसिंहन कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. टीआयएफआरमध्ये रुजलेल्या सॉफ्टवेअर केंद्रातूनच पुढे जुहूची एनसीएसटी उभी राहिली, तीच आज सी-डॅक मुंबई. मशीन मोडीत निघालं, माणसं राहिली.

दुसरा डाव पुण्यात. अमेरिकेनं क्रे महासंगणक देताना अडवणूक केली, म्हणून १९८८ला विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक सुरू झाली. १९९१ला परम ८००० तयार झाला. त्याचा जीव होता इनमॉस या ब्रिटिश कंपनीची ट्रान्सप्युटर चिप. एकेक चिप तशी साधीच, पण अनेक एकत्र जोडून काम वाटून घेता येत असे. त्याच वर्षी इनमॉसनं पुढची चिप जाहीर केली, टी९०००. दहापट वेगाच्या गप्पा होत्या. प्रत्यक्षात ती रखडली, ठरलेला वेग कधी गाठला नाही आणि ट्रान्सप्युटरचं घराणंच संपलं.

परम मात्र संपला नाही. सी-डॅकनं इंटेलची आय८६० चिप जोडली, मग सनची स्पार्क, आणि १९९८ला परम १०००० आला. तो का तगला? कारण आपल्या माणसांची खरी कमाई चिप नव्हतीच. अनेक प्रोसेसर जोडायचे कसे आणि त्यांच्यात काम वाटायचं कसं, ही विद्या होती. घोडा बदलला तरी स्वार तोच राहिला.

अंदाज फक्त आपलेच चुकतात असंही नाही. इंटेलनं एचपीसोबत इटॅनियम आणली, पुढचा जमाना हिचाच असं सांगितलं. २००१ला ती बाजारात आली. २००३ला एएमडीनं जुन्या सॉफ्टवेअरलाही चालेल अशी ६४ बिटची चिप काढली, आणि पुढच्याच वर्षी खुद्द इंटेलला ती वाट धरावी लागली. त्याच २००४ मध्ये इंटेलनं आपली एक येऊ घातलेली चिप जन्माआधीच रद्द केली. नाव होतं तेजस!

आणि ज्ञान कंपनीच्या तिजोरीत राहत नाही. पुण्यात जन्मलेले विनोद धाम इंटेलमध्ये पेंटियमचं काम करून बाहेर पडले, नेक्सजेनमध्ये गेले. ती कंपनी एएमडीनं विकत घेतली आणि १९९७ला तिच्याच डिझाइनवरची के६ चिप इंटेलसमोर उभी राहिली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पुढची चिप कुणाची, यावर पैज लावू नका, मग ती इंटेल असो, एएमडी असो की एआरएम. कोर्सला पैसे भरण्याआधी विचारा, इथे एका कंपनीचं सॉफ्टवेअर चालवायला शिकवणार की प्रोसेसर आतून कसा चालतो ते? मुलांच्या हातून एखादं डिझाइन पूर्ण होणार का? आणि सरकारलाही विचारूया. कारखान्यांच्या भूमिपूजनाचे फोटो दिसतात, पण या ७६,००० कोटींतून घडणाऱ्या माणसांचा हिशोब कुठे आहे?

टिफ्रॅक मोडीत निघाला तेव्हा त्याची माणसं हाताशी होती. आजचं मशीन उद्या जुनं झालं, तर आपल्या हाताशी कोण असेल?