आंग्रे घराणे

मराठी आरमाराचे नेतृत्व करणारे कोकणातील सरदार घराणे. मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून आंग्रे हे नाव रूढ झाले. घराण्यातील पहिला सरखेल (आरमारप्रमुख) कान्होजी याचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. घराण्याचा उत्कर्ष तलवारीइतकाच तहांनी झाला आणि ऱ्हास मात्र जवळजवळ सगळा तहांनीच.

कान्होजी (मृत्यू 1729) छत्रपतींच्या गादीवरून शाहू व ताराबाई यांच्यात चाललेल्या वादात आधी ताराबाईंच्या पक्षात होता. शाहूचा पेशवा बहिरोपंत पिंगळे चालून आला, तर कान्होजीने त्यालाच कैद केले. पुढे बाळाजी विश्वनाथाने 1714 मध्ये बोलणी करून त्याला शाहूच्या बाजूस वळवले. सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्याच्याकडे राहिले. बदल्यात त्याने शाहूचे स्वामित्व मान्य केले. या तहाचे मोल 1721 अखेरीस कळले. इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कान्होजीच्या कुलाबा किल्ल्यावर आले, तेव्हा पेशवा बाजीराव मदतीला धावला आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून 1722 च्या आरंभी परस्पर तह केला.

कान्होजीमागे थोरला मुलगा सेखोजी सरखेल झाला, पण 1733 मध्ये तो वारला आणि संभाजी व मानाजी या सावत्र भावांत वारशाचे भांडण पेटले. मानाजीने पोर्तुगीजांचे साहाय्य घेतले, नंतर पेशव्यांचे. 1735 मध्ये बाजीरावाने दौलतीची वाटणी केली : संभाजीकडे विजयदुर्ग व ‘सरखेल’ हा किताब, मानाजीकडे कुलाबा व ‘वजारतमाआब’. भांडण मिटवल्याचा हा देखावा होता. खरे तर किनाऱ्यावरची एक सत्ता दोन करून दोन्ही पेशव्यांच्या तोंडाकडे पाहायला लावली गेली.

अर्नाळा बेटाचा आंग्र्यांशी संबंध याच काळात येतो. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या या बेटाला पोर्तुगीज गायींचे बेट म्हणत. मानाजीला केलेल्या मदतीच्या मोबदल्यावरून त्याचे पोर्तुगीजांशी बिनसले होते आणि उत्तर कोकणातील मराठे-पोर्तुगीज युद्धाच्या कारणांत हे वितुष्टही धरले जाते. 1737 मध्ये पेशव्यांचा सरदार शंकराजी केशव फडके याने अर्नाळा घेतला. त्याच युद्धात मानाजीने उरण-करंजा जिंकले व वसईच्या वेढ्यात त्याचे आरमार उतरले. मे 1739 मध्ये वसई पडली. ज्यांच्या बळावर तो भावाशी लढला, त्यांनाच काढून लावण्यात त्याने हात दिला.

वाटणी टिकली नाही. 1740 मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून गेला, तेव्हा मानाजीला पुन्हा पेशव्यांना आणि इंग्रजांनाही साद घालावी लागली. 1742 मध्ये संभाजी वारल्यावर विजयदुर्ग त्याचा सावत्र भाऊ तुळाजी याच्याकडे आला. तो पेशव्यांना जुमानीना. तेव्हा नानासाहेब पेशव्याने इंग्रजांशी करार केला. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग गेला आणि फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. तुळाजी कैदेत मेला आणि इंग्रजांना बाणकोट मिळाले. या एका तहाबद्दल नानासाहेबाला इतिहासाने माफ केलेले नाही, आणि ते योग्यच आहे.

कुलाब्याची शाखा मानाजीचा मुलगा रघूजी (1759–93) याच्या काळात स्थिर राहिली. त्याच्यानंतर वारशाचे तंटे पुन्हा उद्भवले. 1799 मध्ये दौलतराव शिंद्यांचा नातलग बाबूराव आंग्रे याने शिंद्यांच्या पाठबळावर कुलाबा बळकावला. घराण्याची एक शाखा ग्वाल्हेरच्या दरबारात सरदार म्हणून नांदली ती या सोयरिकीमुळेच. 1839 मध्ये बालवयातील दुसरा कान्होजी वारला. इंग्रजांनी दत्तक नाकारून संस्थान खालसा केले. कान्होजीची समाधी अलिबागला असून मुंबईतील नौदलाच्या तळाला 1951 मध्ये ‘आंग्रे’ हे नाव देण्यात आले.

मात्र पोर्तुगीजांकडून घेतलेल्या अर्नाळ्याच्या दरवाजावरील शके 1659 च्या शिलालेखात बाजीरावाचे व शंकराजीचे नाव आहे, आंग्र्यांचे नाही.