वसई-विरारमधील शस्त्रपरवाना आणि बंदूक प्रशिक्षण

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहरात खासगी व्यक्तीला बंदूक किंवा पिस्तूल बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना घ्यावा लागतो. परवान्यामुळे शस्त्र बाळगण्याची कायदेशीर मुभा मिळते. ते सुरक्षितपणे हाताळण्याचे कौशल्य मात्र प्रशिक्षण व नियमित सरावानेच येते. शस्त्र नियम, २०१६ यांनी परवान्याच्या अर्जदारासाठी सुरक्षा प्रशिक्षण आवश्यक ठरवले.

पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांच्या शस्त्र बाळगण्यावर कडक निर्बंध घातले होते. त्याची जागा १९५९ च्या अधिनियमाने घेतली. या अधिनियमात पिकांच्या रक्षणासाठी तोंडाने भरायच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू झाल्यानंतर हौसेच्या शिकारीवर निर्बंध आले आणि पुढे तिला वाव उरला नाही. त्यामुळे आत्मसंरक्षण, पीकसंरक्षण व नेमबाजी हे शस्त्र बाळगण्याचे प्रमुख हेतू राहिले.

परवाना देणारे अधिकारी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. परवान्याचे अधिकार सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजेच जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतात. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत मात्र ते पोलीस आयुक्तांकडे जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाल्यापासून वसई-विरार या दुसऱ्या व्यवस्थेत मोडते.

वसई तालुक्यात तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्य असल्याने येथे आणखी एक अट महत्त्वाची ठरते. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिसरात नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. या परिसरातील परवानाधारकांनी आपल्या नावाची नोंदणी करणेही कायद्याला अपेक्षित आहे.

परवान्याच्या अटी

अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या ३ वरून २ वर आणली. वारसाने मिळालेल्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू आहे. परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे करण्यात आली. लग्न, मिरवणूक अशा प्रसंगी आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्रशिक्षणाचे स्वरूप

नियमांतील सुरक्षा अभ्यासक्रमात शस्त्राची हाताळणी व ने-आण, गोळी झाडण्याची पद्धत, शस्त्र व काडतुसांची निगा आणि त्यांची सुरक्षित साठवण या विषयांचा समावेश होतो. प्रत्यक्ष शिकवणीत चार नियमांवर भर दिला जातो:

• प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे.
• नळीचे तोंड माणसाकडे कधीही रोखू नये.
• नेम निश्चित होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये.
• लक्ष्याच्या मागे काय आहे याची खात्री करावी.

कपाटात ठेवून वर्षानुवर्षे न वापरलेले शस्त्र मालकाला सुरक्षिततेचा भास देते. पण ऐनवेळी ते उघडून रिकामे आहे की नाही हे तपासणेही सराव नसलेल्याला कठीण जाते. परवान्यावर काडतुसांची संख्या नमूद केलेली असते आणि लोकवस्तीत गोळी झाडता येत नाही. त्यामुळे सराव नेमबाजी केंद्रावरच करावा लागतो.

प्रशिक्षणात कायद्याची जाणही येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिला आहे. मात्र बचावासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. गोळी केव्हा झाडू नये, हे ओळखणे त्यामुळे नेमाइतकेच महत्त्वाचे ठरते.

नेमबाजीकडे वाटचाल

नवशिक्याची सुरुवात बहुधा १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाने होते. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. श्वासावर नियंत्रण, उभे राहण्याची स्थिती व चाप हळुवार दाबणे या गोष्टी येथेच पक्क्या होतात. पुढे .२२ बोअरच्या रायफलीने ५० मीटरचा सराव करता येतो.

या खेळाचे राष्ट्रीय नियमन १९५१ मध्ये स्थापन झालेली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना करते. वसई-विरारला सर्वांत जवळचे मोठे केंद्र म्हणजे मुंबईतील वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे संकुल. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातही नेमबाजीची सोय आहे. राष्ट्रीय छात्रसेनेतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत यांनी वरळीतच संजय चक्रवर्ती यांच्याकडे धडे घेतले. २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या, तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले.