लागणे

लागणे (अकर्मक क्रियापद) : चिकटणे, भिडणे, स्पर्श होणे. संस्कृत ‘लग्’ धातूवरून प्राकृतात ‘लग्ग’ आणि मराठीत ‘लागणे’ आले. विवाहाचे ‘लग्न’ही त्याच धातूचे. प्रयोजक रूप ‘लावणे’. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत लांबलचक होती. पुढे ‘रन’चे 645 अर्थ मोजले गेले. अर्थांच्या अशा विस्तारात मराठीत ‘लागणे’ आघाडीवर आहे.

मूळ अर्थ. नाशिकला दर पावसाळ्यात तो ऐकू येतो. गंगापूर धरणातून पाणी सोडले, की पंचवटीत विचारणा सुरू होते : दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले? गोदापात्रातल्या या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला पाणी लागले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात.

स्पर्शापासून पुढे. विहीर खणताना पाणी लागते, म्हणजे सापडते. मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट लागतो, म्हणजे वाटेत येतो. गुरू सिंह राशीत गेला, की सिंहस्थ लागतो. इथे अर्थ आरंभाचा. निकाल लागतो, नोकरी लागते, मिसळ तिखट लागते आणि कोणी कोणाचा मामा लागतो.

भूक, तहान, ऊन, ठेच, नजर, वेड, सवय ही सगळी माणसाला ‘लागतात’. ‘मला भूक लागली’ या वाक्यात कर्ता भूक आहे. ती ज्याला लागते तो माणूस चतुर्थीत जातो. शरीरावर आणि मनावर जे आपोआप येऊन आदळते, ते सांगायला मराठीने ही रचना निवडली आहे. बसस्थानकावर ‘पुण्याची गाडी लागली’ म्हणजे ती फलाटावर उभी राहिली. ‘मला गाडी लागली’ म्हणजे प्रवासात मळमळले.

सहायक क्रियापद. या क्रियापदाचे खरे सामर्थ्य इथे दिसते. लासलगावच्या बाजारात कांद्याला काय भाव लागला, यावर अनेक घरांचे वर्षाचे गणित ठरते. तिथला शेतकरी ‘मी कांदा विकायला लागलो’ म्हणाला, तर त्याने विक्री सुरू केली एवढेच कळते. ‘मला कांदा विकायला लागला’ म्हणाला, तर चाळीतल्या कांद्याला कोंब फुटत होते किंवा घेणेकरी दारात उभा होता, आणि थांबणे परवडणारे नव्हते. ‘मी’च्या जागी ‘मला’ आले, क्रियापद कर्त्याला सोडून कांद्याशी जुळले आणि आरंभाची सक्ती झाली. लेखी मराठीत ही रूपे वेगळी राहतात : ‘विकू लागलो’ आणि ‘विकावा लागला’. बोलीत मात्र ‘विकायला’ हे एकच रूप दोन्हीकडे चालते, म्हणून मराठी शिकणाऱ्याला विभक्तीकडे कान द्यावा लागतो.

साधित शब्द. लागू, लागवड, लागलीच, लागोपाठ, पाठलाग. ‘लागण’ हा शब्द ‘लावणे’ आणि ‘लागणे’ या दोन्ही बाजूंचा : उसाची लागण म्हणजे लावणी, द्राक्षबागेत भुरीची लागण म्हणजे रोगाचा शिरकाव.

कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आणि त्याची सुधारित आवृत्ती 1857 मध्ये निघाली. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग 1932 ते 1938 या काळात प्रसिद्ध झाले. मोबाइलचा ‘फोन लागत नाही’ हा प्रयोग या कोशांनंतरचा.