फ्रीजिया : वऱ्हाडच्या हिवाळ्यातील सुवास

फ्रीजिया ही दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील कंदवर्गीय वनस्पती. ती ग्लॅडिओलसच्याच कुळातील असली, तरी बागेतील बहुतेक ग्लॅडिओलसना नसलेला गोड सुवास हिच्यापाशी आहे. पांढऱ्या व पिवळ्या फुलांचा दरवळ विशेष. जर्मनीतील कील येथील वैद्य फ्रेझे यांच्या नावावरून तिचे नामकरण झाले. युरोपात हिमापासून वाचविण्यासाठी तिला काचगृहात ठेवावे लागते. अमरावती-अकोल्यात अडचण नेमकी उलटी. येथे तिचा शत्रू थंडी नव्हे, ऊन.

केपच्या नैर्ऋत्य भागात पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. तेव्हा फ्रीजिया ही स्वभावाने रब्बीची. कंद ऑक्टोबरअखेर, उकाडा ओसरल्यावर, टोक वर ठेवून सुमारे ५ सेंटिमीटर खोल लावावेत. कपाशीची काळी माती येथे कामाची नाही. पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतात. पोयटा, जाड वाळू व मुरलेले शेणखत यांचे मिश्रण कुंडीत भरावे. खारपाणपट्ट्यातील विहिरीचे वा बोअरचे पाणी मात्र कटाक्षाने टाळावे, कारण क्षारांनी पानांची टोके करपतात. साठविलेले पावसाचे पाणी उत्तम.

खरी कसोटी कळी धरण्याची. त्यासाठी काही आठवडे मातीचे तापमान १२ ते १६ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. अकोल्यात डिसेंबरच्या रात्री हा गारवा देतात, पण दुपारी पारा तिशीला टेकतो. म्हणून मातीची कुंडी पूर्वेच्या ओसरीत, ओल्या वाळूत बसवून ठेवावी. एवढे करूनही नुसती पानेच हाती लागण्याची शक्यता असते, हे आधीच सांगितलेले बरे. हमखास फुले हवी असणाऱ्याने निशिगंध लावावा. सातपुड्यात, सुमारे १,१०० मीटर उंचीवरील, कॉफी पिकविणाऱ्या चिखलदऱ्यात यशाची आशा अधिक.

फुले साधारणतः फेब्रुवारीत येतात. दांडी नाजूक, तिला काडीचा आधार द्यावा. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे आणि कंद काढून, सावलीत सुकवून जाळीच्या पिशवीत टांगावेत. त्यांची झोप मोडण्यास सुमारे ३० अंशांची ऊब दहा-बारा आठवडे लागते. तेवढ्यापुरता आपला उन्हाळा उपकारकच. मात्र पत्र्याखाली ठेवल्यास कंद सुरकुततात. कांदे टिकतात अशी घरातील हवेशीर, गार खोली निवडावी आणि पावसाळ्यात त्यांना ओल लागू देऊ नये.