महादेवाचा धोतरा आणि आपलं घर



महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरी जाताना बेलाच्या पानांशेजारी धोतऱ्याची काटेरी फळं विकायला दिसतात. आपण ती महादेवाला वाहतो, खात नाही. विष देवानं पचवलं, माणसाला ते पचत नाही, एवढं शहाणपण या रीतीतच आहे. हाच धोतरा आपल्या बांधावर आणि उकिरड्यावरही उगवतो. म्हणून आज त्याची गोष्ट.

गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. १५६३ साली तिथं छापलेल्या त्याच्या औषधांच्या पुस्तकात धोतरा आहे, भांगही आहे. पुढं वीस वर्षांनी गोव्यात आलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशानं लिहिलं, की इथल्या बायका नवऱ्याला धोतरा देऊन भुलवतात. लिहिणारा परका पुरुष, आळ मात्र बायकांवर! आजही कुणी अचानक बरळू लागलं, की "करणी केली" म्हणून एखाद्या बाईकडंच बोट जातं. असं बोट दाखवणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

खरं कारण पुष्कळदा झाडात असतं. धोतऱ्यानं तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापतं, छाती धडधडते, लघवी अडते. माणूस नसलेलं बघतो, हवेत काहीतरी पकडू लागतो. जीवही जाऊ शकतो. अशा वेळी देवऋषी नको, घरगुती उतारा नको, उलटी काढणं नको. १०८ ला फोन करा आणि खाल्लेलं पान किंवा बी डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.

धोतऱ्याचं बी मिरचीच्या बीसारखं दिसतं. सोयाबीनमध्येही ते मिसळतं. २०१९ साली युगांडात मदत म्हणून वाटलेल्या पिठात असंच विष सापडलं, ५ माणसं दगावली. म्हणून खळ्यावर आणि सुपात नीट निवडा. रानभाजी खुडताना अनोळखी पान घेऊ नका.

वैद्य दम्यावर धोतरा शुद्ध करून वापरत आले. कनकासवात तो असतो. पण औषधांच्या कायद्यात धोतरा विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. अशा औषधाच्या बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते.

गांजाचा कायदा वेगळा. १८९३ साली इंग्रज सरकारनं भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यानं सात खंडांचा अहवाल दिला आणि पूर्ण बंदी नको म्हटलं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं मात्र गांजावर बंदी आली. लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. त्या कायद्यात नुसतं पान गांजात धरलेलं नाही. पण आपल्या राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगही येते, म्हणजे तीही विनापरवाना चालत नाही.

आणि हे नक्की लक्षात ठेवा: आपल्या जमिनीत कुणी चोरून गांजा लावला असेल आणि ते माहीत असूनही आपण कळवलं नाही, तर तोही गुन्हा आहे. सातबाऱ्यावर नाव लागलं, की ही जबाबदारीही आपली. म्हणून मालकीणबाईंनी आपल्या शेताच्या चारी कोपऱ्यांत स्वतः फिरून यावं.

पुढच्या बैठकीत धोतऱ्याची एक फांदी आणा. सगळ्याजणी ओळखून घेऊ, लेकरांनाही दाखवू. नंतर हात मात्र साबणानं धुवायचे!

पुन्हा भेटूच.