एकाच घंटेचे दोन अर्थ

श्रद्धेचा इतिहास प्रवचनांत शोधताना स्वयंपाकघरातही डोकावायचं असतं. एक उदाहरण बघा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ईस्टरपूर्वीच्या ४० दिवसांच्या उपवासकाळात मांसच नव्हे, तर अंडी आणि लोणीही वर्ज्य असे. म्हणून आदल्या मंगळवारी दोन कामं उरकायची: चर्चमध्ये पापांची कबुली द्यायची आणि घरातली अंडी-लोणी पॅनकेक करून संपवायची. कबुलीसाठी बोलावणारी घंटा वाजे. १६व्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर कबुलीची सक्ती गेली, तरी अनेक गावांत घंटा वाजतच राहिली. लोक तिला 'पॅनकेकची घंटा' म्हणू लागले.

मग श्रद्धा संपून नुसती सवय उरली, असं म्हणायचं का? घाई नको. नोंदीत घंटा सापडली की ती ऐकून माणसं काय करत होती, ते आधी शोधा.